दाढ चार महिन्यांपूर्वीच निघाली, चिठ्ठी अजून चालू आहे

पत्राचा सारांश: कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत घरचं मेडिकल दुकान आहे. पत्र लिहिणारी त्या घरची सून, बी. फार्म. झालेली. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून नाव तिचंच आहे. जवळच्या एका दंतवैद्यांकडून दाढ काढलेले पेशंट तिथे चिठ्ठी घेऊन येतात आणि चिठ्ठीत बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलच्या दहा गोळ्या असतात. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या २२ वर्षांच्या एका मुलाची अक्कलदाढ नवरात्राच्या आधी काढली. तो अजून तीच चिठ्ठी आणतो; आता आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक पाकीट. सासऱ्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना बघितलंय, ते देतात. मागच्या आठवड्यात "वैनी, दाढ ठणकतीया" म्हणताना त्याने गालाला हात लावला तो दुसऱ्याच बाजूला. अमेरिकेतली नणंद फोनवर म्हणाली, इकडे डेंटिस्टनी दिलेल्या अशाच गोळ्यांनी घरं बसली, त्या डॉक्टरची तक्रार कर. नवरा म्हणतो, चिठ्ठी डॉक्टरची, पैसे गिऱ्हाइकाचे, तू मध्ये का पडतेस? तिचे प्रश्न तीन: गोळी द्यायची बंद करू का? मुलाच्या आईला सांगू का? की गप्प बसू?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलं आहे: "मी काय, नुसती काउंटरला उभी असते." नवऱ्याचं, मामांचं (म्हणजे सासऱ्यांचं), नणंदेचं म्हणणं नंतर बघू. आधी हे वाक्य बाजूला काढूया.

मी पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. मॉर्फिन, फेंटानिल, पेंटाझोसिन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळातली औषधं, म्हणजे ज्यांना ओपिऑइड म्हणतात ती, माझ्या रोजच्या हाताखालची. थिएटरमध्ये मॉर्फिनची अँप्युल कपाटातून निघाली की वहीत नोंद व्हायची आणि केस संपल्यावर रिकामी काचसुद्धा मोजून परत द्यावी लागायची. नव्याने आलेल्या सिस्टरांना ती कटकट वाटायची. पण त्या वहीमुळेच आम्ही ही औषधं न घाबरता वापरू शकलो. कुणीतरी मोजतंय, हे सगळ्यांना माहीत होतं.

तुमच्या दुकानात हे मोजणारं माणूस म्हणजे तुम्ही. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहे. म्हणजे वेगळी वही, त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. शिवाय एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. आणि औषध नियमांतला ६५ वा नियम तुम्ही कॉलेजात पाठ केला असेल: पुन्हा द्यावे असं डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहिलेलं नसेल, तर ती चिठ्ठी एकदाच चालते. औषध दिलं की डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. त्या मुलाच्या चिठ्ठीवर पहिल्या दिवशी हा शिक्का पडला असता तर दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी नुसता कागद झाली असती. हे दोष द्यायला सांगत नाही. शिक्का न मारणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण तुमच्या यजमानांच्या हिशेबात एक माणूस राहून गेलं. चिठ्ठी डॉक्टरची, पैसे गिऱ्हाइकाचे, हे खरं. वहीतली सही मात्र तुमची आहे. त्यामुळे तुम्ही मध्ये पडत नाही आहात, तुम्ही आधीपासून मध्येच आहात.

आता नणंदबाईंचं म्हणणं. त्या सांगतात ते खोटं नाही, पण ती गोष्ट अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी तुमच्या जास्त उपयोगाची आहे.

१९९८ च्या सुमारास अमेरिकेत लवकर असर करणाऱ्या ओपिऑइड गोळ्यांच्या चिठ्ठ्यांपैकी साधारण १५ टक्के दंतवैद्यांच्या असायच्या. २०१२ पर्यंत तो वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आला. तरीही २०१६ मध्ये तिथल्या दंतवैद्यांनी लिहिलेल्या दर शंभर चिठ्ठ्यांत २२ ओपिऑइडच्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हा आकडा शंभरात एकसुद्धा नव्हता, ०.६ टक्के. अक्कलदाढ दोन्हीकडे सारखीच, काढायची पद्धत सारखीच. इंग्लंडमधल्या माणसाला कमी दुखतं असं तर कुणी म्हणणार नाही. फरक होता तो सवयीचा. शुक्रवारी संध्याकाळी दाढ काढायची, दोन दिवस दवाखाना बंद. पेशंटचा रात्री फोन येऊ नये म्हणून भरपूर गोळ्या लिहून ठेवायच्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या अभ्यासात दंतशस्त्रक्रियेनंतर सरासरी २८ ओपिऑइड गोळ्या दिलेल्या आढळल्या, आणि तीन आठवड्यांनी त्यातल्या निम्म्याहून जास्त घरात तशाच पडून होत्या. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागायला तयार.

२०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात १६ ते २५ वयाची मुलं बघितली. दंतवैद्याकडून पहिल्यांदा ओपिऑइड मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांच्या कागदावर वर्षभरात ओपिऑइडच्या गैरवापराचं निदान लागलं. न मिळालेल्यांत ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली होतं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. शंभरातल्या चौऱ्याण्णवांना काही झालं नाही, म्हणून डॉक्टरांना धोका दिसत नाही. आणि सहा जणांचं जे झालं ते परत दाताच्या खुर्चीत येऊन सांगत नाही, म्हणूनही दिसत नाही. ते दिसतं मेडिकलच्या काउंटरवर.

नंतर तिथल्या दंतवैद्यांनी स्वतःच वळण घेतलं. २०१८ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तात्पुरत्या दुखण्यासाठी सात दिवसांची मर्यादा आणि औषध-नोंदी तपासण्याचं धोरण जाहीर केलं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दाढ काढल्यानंतर पहिलं औषध म्हणून आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी, एकटी किंवा पॅरासिटामॉलबरोबर, असं स्पष्ट आलं. आणि २०२५ च्या सुरुवातीला छापल्या गेलेल्या एका चाचणीत अक्कलदाढ काढलेल्या १,८०० हून जास्त पेशंटांपैकी काहींना आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल, काहींना हायड्रोकोडोन हे ओपिऑइड पॅरासिटामॉलबरोबर दिलं. ओपिऑइड न घेतलेले कुठे कमी पडले नाहीत. पहिल्या दोन दिवसांत तर त्यांनाच जास्त आराम होता.

याचं कारण औषधाच्या ताकदीत नाही, दुखण्याच्या जातीत आहे. दाढ निघाली की हाडात खड्डा पडतो, आजूबाजूच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतात, सूज येते आणि तोच ठणका. भुलीचा असर उतरल्यावर पहिल्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो, मग दोन-तीन दिवसांत ओसरत जातो. आयबुप्रोफेन ती द्रव्यं जिथे तयार होतात तिथेच अडवतं. ट्रॅमाडॉल मेंदूत जाऊन दुखण्याचा निरोप दाबतं, सूज आहे तिथेच राहते. शिवाय ट्रॅमाडॉलचं खरं काम करणारं रूप आपलं यकृत तयार करतं, आणि प्रत्येकाचं यकृत ते वेगळ्या वेगाने करतं. त्यामुळे एकाच गोळीने एकाला काहीच वाटत नाही, दुसऱ्याला गरगरतं आणि उलट्या होतात. "भारी गोळी द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढं समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं तुमच्या पदवीचा भाग आहेत.

आपल्याकडची गोष्ट अमेरिकेसारखी नाही, हेही नणंदबाईंना सांगा. तिकडे एका चिठ्ठीत गोळ्याच जास्त असायच्या. तुमच्या पत्रातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत दहाच आहेत. मी त्यांच्या जागी असते तर दहाही लिहिल्या नसत्या, पण या मुलाचं जे झालं ते त्या दहा गोळ्यांनी झालेलं नाही. एकच चिठ्ठी चार महिने चालली म्हणून झालं. तक्रार कोणाची करायची हा प्रश्न मग फार अवघड होतो, आणि तो प्रश्न या घडीला त्या मुलाच्या काही कामाचा नाही.

आता त्या मुलाकडे येऊ.

दुसऱ्या गालाला हात लावला म्हणून तो खोटारडा आहे असं ठरवू नका. तीन शक्यता मला दिसतात. पहिली, खरंच दुसरी एखादी दाढ किडली असेल; तसं असेल तर गोळी ते झाकून ठेवते आहे. दुसरी, खेळताना गुडघा किंवा घोटा दुखत असेल आणि दाढेच्या गोळीने खेळता येतं हे त्याला कळलं असेल. तिसरी मला जास्त शक्य वाटते. ओपिऑइड रोज महिनोन् महिने घेतलं की गोळीचा असर उतरताना अंग मोडून येतं, जांभया येतात, नाक वाहतं, घाम फुटतो, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप लागत नाही. त्याला दुखतंय हे खरंच असतं. कुठे आणि का, हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतो. "दाढ" या शब्दावर गोळी मिळते, एवढं त्याला माहीत आहे.

थोडा हिशेब करा. आठवड्याला दोन पाकिटं म्हणजे वीस गोळ्या, रोज जवळजवळ तीन. एका गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल असेल तर दिवसाचे शंभराच्या थोडे वर. हा डोस फार मोठा नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवता येण्यासारखा आहे. पण हे तेव्हाच, जेव्हा तो फक्त तुमच्याकडूनच घेत असेल. आणखी दोन दुकानांतून घेत असेल तर चित्र बदलतं. ट्रॅमाडॉलचा डोस चढला की फिट येऊ शकते. आणि त्याच गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. दिवसाला बारा गोळ्या झाल्या तर जवळपास चार ग्रॅम, रोज, महिनोन् महिने. ते यकृताला झेपत नाही. म्हणून त्याला पहिला प्रश्न "का घेतोस" हा नको, "दिवसाला किती घेतोस" हा हवा.

दुपारी दुकान शांत असतं तेव्हा विचारा, चारचौघांत नको. असं काहीसं: "दाढ काढून चार महिने झाले बघ. खड्डा इतके दिवस दुखत नाही. दुसरं काहीतरी आहे. रोज किती लागतात ते मला खरं सांग, मी ओरडणार नाही." त्याला खेळाचा नाद आहे, तर तीही गोष्ट सांगा: १ जानेवारी २०२४ पासून वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने सामन्यादरम्यान ट्रॅमाडॉलवर बंदी घातली आहे. शाहू स्टेडियमवर त्याची कुणी तपासणी करेल म्हणून नव्हे. ही गोळी घेऊन मैदानात उतरणं खेळाडूच्या जिवाला बरं नाही, असं खेळाच्या जगाने ठरवलंय, हे त्याला आईच्या रागावण्यापेक्षा लवकर पटेल.

गोळी बंद करू का, असं तुम्ही विचारलंत. जुन्या चिठ्ठीवर देणं आजपासून बंद. पण त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं मला मान्य नाही. सवय लागलेल्या शरीराची गोळी एकदम तोडली तर तो दुसरं दुकान शोधेल, किंवा त्याहून वाईट काहीतरी. त्याच दिवशी त्याची डॉक्टरांशी गाठ घालून द्या. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात अशा पेशंटला गोळी टप्प्याटप्प्याने कमी करून देता येते. तिथली नवी चिठ्ठी आली, त्यावर रोज किती आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असलं, तर तुम्ही बिनधास्त द्या आणि वहीत नोंद करा. तुम्ही स्वतः मनाने डोस कमी करत नेऊ नका, कितीही माया असली तरी. त्याला दवाखान्यात जायला लाज वाटली तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे आणि १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. एखाद्या दिवशी तो गुंगीत दिसला, हाक मारून उठत नसेल, श्वास मंद वाटला किंवा फिट आली, तर कुणाची परवानगी न विचारता १०८ ला फोन करा.

आईचं. मुलगा २२ वर्षांचा आहे. त्याने काउंटरवर सांगितलेली गोष्ट तुम्ही त्याच्या घरी नेलीत तर तो परत तुमच्याकडे येणार नाही, आणि आज त्याच्यावर लक्ष असलेलं एकमेव माणूस तुम्हीच आहात. आधी त्यालाच विचारा: "आईला तू सांगतोस, की मी बरोबर येऊ?" बरीच मुलं दुसरा पर्याय घेतात. वर सांगितलेल्या जिवावरच्या प्रसंगात मात्र हा नियम लागू नाही.

मामांविषयी तुम्ही फार जपून लिहिलंय, मलाही तसंच बोलायचंय. ज्या काळात त्यांनी दुकान उभं केलं त्या काळात चिठ्ठी नसलेल्या माणसाला रात्री-अपरात्री औषध देणं हा पुण्याचा भाग होता. पेठेने त्यांच्यावर टाकलेला विश्वास त्यातूनच आला. त्यांना "तुम्ही चुकलात" म्हणण्यापेक्षा एच-१ ची वही त्यांच्यासमोर उघडून ठेवा आणि एकाच नावापुढच्या तारखा बोटाने दाखवा. त्या पोराला ते लहानपणापासून ओळखतात, म्हणून तर हे त्यांना जास्त लागेल. वहीत त्या नोंदी नसतील, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. लायसन्स घराचं आहे आणि फार्मासिस्ट म्हणून नाव तुमचं. तेव्हा हे बोलणं त्याच रात्री, जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर व्हायला हवं. शिक्का मारायला उद्यापासून सुरुवात करा. गिऱ्हाईक रागावलं तर "नियम आहे" एवढं म्हणायची मोकळीक मामांनाही मिळते.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. हे सगळं वाचून तुम्ही ट्रॅमाडॉलचा कप्पाच रिकामा कराल. तसं करू नका. काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याकडच्या एका ऊस उत्पादकाच्या जबड्याच्या कॅन्सरवर आम्ही उपचार करत होतो. वेदनेच्या गोळ्यांची नीट, ताजी चिठ्ठी हातात असून तीन दुकानांनी त्याला "असली औषधं आम्ही ठेवत नाही" म्हणून परत पाठवलं. त्याची बायको चौथ्या दुकानापाशी पायरीवर बसून राहिली होती. आपल्याकडे ज्याला नको त्याच्या हातात हे औषध सहज जातं आणि ज्याला हवं त्याला दारोदार फिरावं लागतं. अशा पेशंटची चिठ्ठी आली की संशयाने बघू नका, गोळ्या भरून द्या, आणि पुढच्या वेळेसाठी साठा ठेवा.

दाढ काढायला निघालेल्या इतर वाचकांसाठी थोडं इथेच सांगते. खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, अंगावर पाजणं, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या, दारू. यातल्या काहींना आयबुप्रोफेन चालत नाही, काहींना ट्रॅमाडॉल घातक ठरतं. बारा वर्षांखालच्या मुलाला ट्रॅमाडॉल द्यायचंच नाही. ते घेऊन मोटरसायकल चालवू नका. केटोरोलॅकची विरघळणारी गोळी आपल्याकडे शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. ते ओपिऑइड नाही, पण पाच दिवसांपुढे गेलं तर पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा करू शकतं. आणि दाढ काढल्यावर दोन-तीन दिवस बरं वाटून मग अचानक कानापर्यंत कळ जाऊ लागली, तोंडाला वास येऊ लागला, तर दुकानात जाऊ नका, दंतवैद्याकडे जा. खड्ड्यातली गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. तिथे धुऊन औषधाची पट्टी भरली की बऱ्याचदा तासाभरात आराम पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, आणि जखम भरेपर्यंत तोंडात मावा तर मुळीच नको.

राहिले ते दंतवैद्य. त्यांची तक्रार आत्ता करू नका, फोन करा. माझा अंदाज आहे की आपली सप्टेंबरमधली चिठ्ठी अजून फिरतेय हे त्यांना ठाऊकच नाही. मुलाचं नाव आणि चिठ्ठीची तारीख सांगा, एवढ्यानेच ते दचकतील. मग वहीतून मोजून ठेवलेला एक आकडा सांगा: गेल्या महिन्यात तुमच्या दाढ काढलेल्या पेशंटांच्या इतक्या चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या इतक्यांत ट्रॅमाडॉल होतं. पुढे विचारा, ज्यांना चालतं त्यांना आधी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल लिहाल का, आणि ट्रॅमाडॉल लागलंच तर दहाऐवजी तीन-चार गोळ्या आणि "पुन्हा देऊ नये" असा शेरा? अमेरिकेच्या सूचना त्यांनी विचारल्या तरच काढा. दंतवैद्य साधारण दुपारी दीड ते चार खुर्ची रिकामी ठेवतात. तेव्हा करा, आणि मुलगा येण्याच्या आधी करा, म्हणजे तो आला की "डॉक्टरांनी तुला बघायला बोलावलंय" असं त्याला सांगता येईल.